फिरते भांडे

माझ्या नावापुढे एम. ए. ही अक्षरे आहेत, वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे, आणि तरीही गेली चार वर्षे मी रीतसर नेमलेला सामान्य माणूस आहे. ही थट्टा नव्हे. तसे पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. माणसांवर करावयाच्या वैद्यकीय संशोधनाला परवानगी देण्यापूर्वी ते एका नैतिकता समितीपुढे यावे लागते. ह्या समितीत डॉक्टर असतात, एक कायदेपंडित असतो, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान जाणणारे कोणी असते, आणि ह्या सगळ्या जाणत्यांच्या जोडीला एक सामान्य माणूस असावा लागतो. आमच्या शहरातल्या एका रुग्णालयाने त्या जागेवर माझी निवड केली. पत्र आले तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "एवढं कळायला त्यांना समिती बसवावी लागली?"

सामान्य माणसाचे काम फारसे कठीण नसते. इतर सभासद औषधाच्या मात्रा आणि विम्याचे आकडे ह्यांवर वाद घालीत असतात, तेव्हा आपण चहा प्यायचा आणि संमतिपत्र वाचायचे. सही करण्यापूर्वी रोग्याला जे जे समजायला हवे ते ह्या कागदावर लिहिलेले असते, आणि ते त्याच्या भाषेत असावे लागते. बैठकीतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, म्हणून रुग्णालयाचे किंवा कोणा माणसाचे नाव मी येथे घेणार नाही. पण एक वाक्य सांगितल्यावाचून राहवत नाही. ते असे: "सदर अभ्यासांतर्गत सहभागी व्यक्तीच्या ऊतीचे त्रिमितीय संवर्धन जैवप्रतिक्रियकामध्ये करण्यात येईल."

व्याकरणाच्या दृष्टीने ह्या वाक्यात खोड काढायला जागा नाही. परीक्षेच्या पेपरात कोणी ते लिहिले असते, तर मी पूर्ण गुण दिले असते. पण ते वाचणार होती उद्या जिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे अशी एखादी बाई. खाटेवर बसलेली, चष्मा घरी राहिलेला, आणि शेजारी मुलगा घड्याळाकडे बघत उभा. 'जैवप्रतिक्रियक' वाचून तिने काय समजावे? मला तर ते एखाद्या कडक मुख्याध्यापकाचे आडनाव वाटले. मी अर्थ विचारला. एक डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, म्हणजे बायोरिॲक्टर." ह्याने माझ्या ज्ञानात किती भर पडली ते वाचकांनीच ठरवावे. शेवटी जिचा तो प्रस्ताव होता ती संशोधक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही प्रयोगशाळेतच या ना. मी दाखवते."

म्हणून मी गेलो. दारातच चपला काढायला लावल्या, अंगावर झगा चढवला, हातांवर मद्यार्काचा फवारा मारला. ह्याला हात लावू नका, त्यावर वाकू नका, बोलायचे असेल तर लांबून बोला! मला आमच्या आजीची आठवण झाली. तिचे सोवळे आम्ही मुलांनी फार सोसले. पण तिला ह्या प्रयोगशाळेत नोकरी सहज मिळाली असती. इथल्या सोवळ्याला मात्र सज्जड कारण आहे. बुरशीचा एखादा कण किंवा एखादा जंतू आत शिरला, तर तो पेशींच्या आधी जेवायला बसतो आणि महिन्याची मेहनत दोन दिवसांत फस्त करतो.

एका कपाटात रात्रंदिवस ३७ अंशांची ऊब राखलेली होती, म्हणजे आपल्या अंगाएवढीच. त्यात चपट्या बशा होत्या आणि बशांत गुलाबी सरबतासारखे पाणी. त्यात साखर, क्षार, प्रथिनांचे घटक असे पेशींचे सगळे जेवण असते. पेशींनी ते खाऊन आंबट केले की रंग पिवळा होतो आणि पाणी बदलायची वेळ झाली असे समजते.

मुलीने मला सूक्ष्मदर्शकातून आधी एक बशी दाखवली. बशीच्या तळाला पेशी अशा पसरल्या होत्या, की तव्यावर थापलेली थालीपिठेच. मग दुसरी दाखवली. तीत तळाशी पारदर्शक, मऊ, जेलीसारखा एक थर होता आणि त्यात पेशींचे गोल गोल गोळे तरंगत होते, आतून पोकळ, काठाशी पेशी एकमेकींना खेटून ओळीने बसलेल्या. "सर, दोन्हीकडच्या पेशी एकाच जातीच्या आहेत," ती म्हणाली. "फरक फक्त कुठे ठेवल्या त्याचा."

हा 'फक्त' शब्द पुढे मला फार दिवस पुरला. गेल्या शतकात जगभर पेशी वाढवल्या गेल्या त्या बहुतेक सपाट काचेवर नाही तर प्लॅस्टिकवर. सोय म्हणून. पण शरीरात सपाट असे काही नसते. तिथे पेशीला वर, खाली, चहूबाजूंना शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ जाळीचा आधार असतो. ती जाळी काढून घेतली की पेशी जिवंत राहते, वाढतेही. पण आपण कोण हे विसरते. मीना बिसेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे ह्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. (नाव ओळखीचे वाटले तरी बाई मूळच्या इराणच्या.) उंदरिणीच्या स्तनातल्या पेशी प्लॅस्टिकवर ठेवल्या, तर त्या दूध करायचे सोडून देतात. त्याच मऊ जाळीत ठेवल्या, तर गोळा करून बसतात आणि आतल्या पोकळीत दुधाची प्रथिने सोडू लागतात! पुढे १९९७ साली त्यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी त्या जाळीत वेडावाकडा पुंजका करतात. पण पेशी ज्या हातांनी भोवतालची जाळी धरतात, त्यांपैकी एक हात अडवला, तेव्हा त्याच पेशी शहाण्यासारख्या गोल बसल्या. त्यांच्या आतले बिघडलेले गुणसूत्र बिघडलेलेच होते. बदलली होती ती शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वागण्याची रीत. सपाट बशीत हे कोणाला दिसलेच नसते.

भाषेच्या मास्तरला ह्यात नवल वाटू नये. 'कर' हा शब्द कोशात एकटा पडलेला पाहा. तो हात आहे, की सरकारला भरायचा पैसा आहे, की 'काम कर' मधली आज्ञा आहे? मागेपुढे चार शब्द येऊन बसेपर्यंत त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

तेव्हा पेशींना गोळा करून राहू द्यावे, हे ठरले. पण गोळा मोठा होऊ लागला की नवी अडचण येते. जुन्या वाड्यांत मधली खोली असे, ती आठवा. ओसरीला वारा, परसाला उजेड, आणि मधल्या खोलीत दिवसाही दिवा. गोळ्याच्या पोटातल्या पेशींची अवस्था तीच. बाहेरून प्राणवायू आत झिरपतो तो मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांपर्यंत. त्यापुढे त्याची मजल नाही. आपल्या शरीरात बहुतेक पेशींच्या दाराशी रक्ताची बारीक नळी आलेली असते. बशीतल्या गोळ्याला ती कोठून असणार? गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला, की बाहेरून टवटवीत आणि आतून मेलेला असे होऊ लागते.

मग पाणी ढवळा की, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण वनस्पतीच्या पेशीला भक्कम भिंत असते. प्राण्यांच्या पेशीला असते ती नुसती पातळ पापुद्र्याची पिशवी. पळी जोरात फिरवली की गोळे फुटतात, पेशी फाटतात. ढवळायचे तर आहे, पण धक्का लागू द्यायचा नाही, अशी ही कामगिरी. ती पार पाडणारे भांडे म्हणजेच आमचे कडक मुख्याध्यापक, जैवप्रतिक्रियक!

ह्या भांड्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यांत आवडले ते अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत, ह्यूस्टनला, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेले. रे श्वार्झ, टिन्ह ट्रिन्ह आणि डेव्हिड वुल्फ ह्या तिघांचे ते काम. ह्यांतले वुल्फ हे डॉक्टर, इंजिनिअर आणि पुढे अंतराळवीरही. आडवा धरलेला एक गोल डबा. त्यात पाणी काठोकाठ, हवेचा बुडबुडाही नाही. प्राणवायू येतो तो एका पातळ पडद्यातून पाझरून. डबा स्वतःभोवती सावकाश फिरतो आणि आतले पाणी त्याच्याबरोबर अखंड फिरते. पळी नाही, घुसळण नाही. पेशींचा गोळा जड म्हणून खाली पडू लागतो, तेवढ्यात फिरते पाणी त्याला वर नेते. वर चढणाऱ्या सरकत्या जिन्यावरून एखादे द्वाड पोर खाली धावत सुटते आणि तरी जिथल्या तिथेच राहते ना, तसे. गोळा सतत पडत असतो आणि कधीच तळाला टेकत नाही.

ह्याच भांड्यातून वासराच्या कूर्चेच्या पेशी (सांध्यांत असते ती मऊ हाडासारखी वस्तू) १९९६ च्या सप्टेंबरात रशियाच्या 'मीर' ह्या अंतराळस्थानकावर गेल्या. आधी तीन महिने त्या जमिनीवर वाढवल्या होत्या. पुढचे चार महिने त्यांतल्या काही वर आणि काही खाली वाढल्या. वजनच नसलेल्या जागी त्या उत्तम वाढतील असे कोणालाही वाटले असते. परत आल्यावर पाहतात तो वरची कूर्चा अधिक गोल, पण लहान आणि ताकदीला कमी! जमिनीवरची घट्ट निघाली. भार सोसणे हेच जिचे काम, तिला भारच मिळाला नाही तर ती बळकट कशाने व्हावी?

२०१३ साली व्हिएन्नामध्ये मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिश ह्यांनी मानवी मूळपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे चार मिलिमीटरपर्यंतचे गोळे वाढवले, तेही आधी मऊ जाळीच्या थेंबात आणि मग फिरत्या भांड्यात ठेवून. तो विचार करणारा मेंदू नव्हे. पण गर्भातला मेंदू सुरुवातीला कसा घडतो हे त्यात दिसू लागले. तीन वर्षांनी झिका तापाची साथ आली, तेव्हा तो विषाणू कोणत्या पेशींना धरतो हे अशाच गोळ्यांवर तपासले गेले. ते काम करणाऱ्या बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला लहान आणि स्वस्त फिरती भांडी हवी होती. त्यांचा आराखडा करण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या शाळकरी मुलांचा हात होता! माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

बॉल्टिमोरचे नाव आले म्हणून सांगतो. पेशींचे भांडे फिरवण्याची युक्ती तिथे नवी नव्हती. ह्याच हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे ह्यांनी १९३३ साली एक रहाटगाडगे केले होते. मोठ्या पिंपाला भोके, भोकांत काचेच्या नळ्या, आणि पिंप अगदी संथ फिरणारे. नळीच्या कडेला चिकटलेल्या पेशी घटकेत पाण्यात, घटकेत हवेत. ह्याच गे ह्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा आला. ती पाच मुलांची आई, व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतांवर वाढलेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली. तिच्या पेशी मात्र गेल्या नाहीत. आजवर कोणाच्याही पेशी टिकल्या नव्हत्या तशा त्या टिकल्या, जगभर वाटल्या गेल्या, पोलिओची लस त्यांच्यावर पारखली गेली, आणि आजही त्या वाढत आहेत. तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या घरच्यांना पत्ता लागला तो वीसहून अधिक वर्षांनी. आणि मधल्या काळात वर्तमानपत्रांतून तिचे नाव 'हेलन लेन' म्हणून छापले जात होते. पेशींच्या व्यापारातल्या एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली.

गे ह्यांच्याकडे पुढे एक मराठी बाई शिकायला गेल्या होत्या, हे मला ह्या निमित्ताने कळले. डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यानंतर त्यांनी बॉल्टिमोरला ऊतिसंवर्धनाची विद्या घेतली आणि मुंबईला परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या विद्येची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली म्हणून ओळखली जाते. म्हणजे ते रहाटगाडगे आणि आपण ह्यांच्यातला धागा हुजूरपागेतून जातो! पुण्याच्या माणसाला ह्याहून मोठा पुरावा लागत नाही.

मग मी त्या संमतिपत्राचे वाक्य मोडून लिहिले. "तुमच्या गाठीचा लहानसा तुकडा आम्ही प्रयोगशाळेत जिवंत ठेवू. त्यातल्या पेशी मऊ आधारावर, सावकाश फिरणाऱ्या भांड्यात वाढवू. त्यांचे बारीक गोळे होतील. त्यांवर औषधे घालून कोणते लागू पडते ते पाहू. ह्याचा तुमच्या आताच्या उपचाराला उपयोग होईलच असे नाही." एका सभासदांना 'भांडे' हा शब्द शास्त्रीय वाटेना. त्यावर वीस मिनिटे गेली. भांडे राहिले.

ह्यानंतर वर्षभरातच आमच्या आक्काच्या स्तनात गाठ निघाली.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, जळगावकडे दिलेली. शस्त्रक्रिया दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच रुग्णालयात व्हायची होती. आदल्या संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा ती खाटेवर बसली होती, हातात चार पानी कागद. तिने तो माझ्यापुढे धरला. "तू मराठीचा प्राध्यापक ना? मग हे वाच, आणि मला मराठीत सांग."

तेच वाक्य नव्हते. त्याचा चुलतभाऊ होता. मी तिला थालीपिठे सांगितली, गोळे सांगितले, मधली खोली सांगितली, फिरते भांडे सांगितले. ती केळीच्या मुलखातली. म्हणाली, "म्हणजे आमच्या टिश्यूकल्चरच्या केळीसारखं? बाटलीतल्या तुकड्यापासून रोप?" मी म्हटले, तसेच, पण केळीच्या तुकड्यापासून पुरी केळ होते, ह्याच्यापासून पुरे माणूस होत नाही. "नको व्हायला," आक्का म्हणाली. "ह्या गाठीपासून तर नकोच."

मग ती गप्प बसली. भाऊजी खिडकीशी उभे होते. थोड्या वेळाने तिने विचारले, "ते जिवंत असेल?"

"हो."

"त्याला दुखेल?"

"नाही. दुखायला नसा लागतात, मेंदू लागतो."

"आणि मी नसले, तरी ते असेल?"

वीस वर्षे मी वर्गात प्रश्नांची उत्तरे देत आलो आहे. मी म्हटले, "असू शकेल." भाऊजींनी खिडकीतून मान वळवली नाही.

"मग त्यांनी विचारलं हे बरं केलं," आक्का म्हणाली. तिने कागद परत घेतला आणि चष्मा पुसला. कागदावर वेगवेगळ्या चौकटी होत्या. पेशी वाढवू का? तिने 'हो'वर खूण केली. पुढच्या संशोधनासाठी ठेवून देऊ का? 'हो'. ह्यातून औषध निघाले तर कंपन्यांना वापरू देऊ का? इथे तिने पेन थांबवले आणि तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतले. "औषध निघालं, तर ते आमच्यासारख्यांना परवडेल असं कुठं लिहिलंय का?" बाईंनी पान उलटून पाहिले, मग प्रामाणिकपणे सांगितले की तसे काही लिहिलेले नाही. "मग इथं नाही," म्हणून आक्काने 'नाही'वर खूण केली आणि खाली मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिले. बाई म्हणाल्या, "मावशी, नमुन्यावर तुमचं नाव नसतं हं, आकडा असतो. तुमची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून." आक्का म्हणाली, "त्यावर नसू दे. ह्यावर आहे ना?"

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढे वर्षभर दर तीन आठवड्यांनी तिला शिरेतून एक औषध द्यायचे होते, ट्रास्टुझुमॅब नावाचे. हे औषधही भांड्यातच पिकते. ते करणाऱ्या पेशी मूळच्या चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या. १९५७ पासून त्या प्रयोगशाळांत नांदत आहेत. मात्र ही भांडी पोलादी, दहा-दहा हजार लिटरांची. त्यांत गोळे करू देत नाहीत. पेशी सुट्या सुट्या तरंगत ठेवतात, कारण तिथे त्यांनी कोण व्हावे ह्याची कोणाला पर्वा नसते, त्यांनी मुकाट्याने औषध तयार करावे एवढेच मागणे असते. हे मी आक्काला सांगावे की नाही असा मला प्रश्न होता. ती एकादशी मोडत नाही, अंडे घरात येऊ देत नाही. शेवटी सांगितले. "हॅमस्टर म्हणजे उंदरातलाच ना?" तिने विचारले. मी म्हटले, त्याच कुळातला. "गणपतीचं वाहन. चालेल," आक्का म्हणाली आणि बाही वर केली.

तिचे वर्ष पुरे झाले. तपासण्या चालू आहेत. दर सहा महिन्यांनी ती त्या शहरात जाते आणि येताना माझ्या मुलांसाठी केळ्यांचे वेफर घेऊन येते. तिच्या तुकड्याचे काय झाले, हे कोणी सांगू शकत नाही. आकड्यावरून नाव शोधायचे नसते. शिवाय विरजणासारखेच हेही असते. प्रत्येक तुकडा धरतोच असे नाही. मी हे तिला समजावून सांगितले आहे, एकदा नव्हे, दोनदा.

गेल्या रविवारी तिचा फोन आला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "काय रे, ते आमचं भांडं फिरतंय का अजून?"

"आक्का, तुला सांगितलं ना, ते कळत नाही."

"फिरत असेल," ती म्हणाली. "बरं, चकलीची भाजणी केली आहे ह्या वर्षी जास्त. तुला किती पाठवू?"